चौथ्यांदा गप्प

१४ सप्टेंबर

ताई,

इतके दिवस काही लिहिलं नाही, माफ कर. 'वेळ मिळाला नाही' असं आधी लिहिलं होतं, पण ते खोडलं, कारण ते खरं नव्हतं. वेळ होता. लिहायला बसलं की तू काय म्हणशील तेच आधी ऐकू यायचं आणि मी पेन खाली ठेवायचे. फोनवर तर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो. कागदावर निदान तुला मधे बोलता येणार नाही.

बातमी अशी की मी शिकायला जाते. हसू नकोस. छापखान्यातलं मुद्रितं तपासायचं माझं काम गेलं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. मालकांनी ते एका प्रोग्रामला दिलं. मग म्हटलं, आपल्या खुर्चीवर कोण बसलंय ते तरी बघून यावं. गावात ते कॉलेज आहे ना, जिथे दिवसा नर्सिंग आणि सुतारकाम शिकवतात आणि संध्याकाळी आमच्यासारखे नोकरी गेलेले किंवा नोकरीला विटलेले लोक येतात, तिथे प्रोग्रामिंगचा वर्ग आहे. वयाची अट नाही. वर्गात मी सगळ्यांत मोठी असेन असं वाटलं होतं, पण एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यामुळे माझा दुसरा नंबर लागला. फळ्यावर दुपारच्या वर्गाने काढलेलं फुप्फुस तसंच असतं. ते पुसायला आमच्या बाईंचं मन होत नाही, म्हणून त्याच्या कडेकडेने आमचे प्रोग्राम लिहिले जातात.

बाई माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान आहेत, पण शिकवायला लागल्या की मी आपोआप ताठ बसते. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "संगणक तुमच्या मनातलं ओळखत नाही. तुम्ही जे गृहीत धराल ते तो खरं धरून चालेल आणि तुम्हाला कधी सांगणारही नाही." माझ्या शेजारी फर्निचरच्या दुकानात काम करणारा एक जण बसतो. तो प्रत्येक वाक्यावर शंका विचारतो, म्हणून वर्गाने त्याचं नाव शंकासुर ठेवलंय. त्यालाही ते माहीत आहे. हजेरीलाही तो त्याच नावाला ओ देतो.

मला हे जमतंय, ताई. हे लिहिताना जरा लाज वाटते, पण जमतंय. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून माझी नजर अशी झालीय की एखादा कंस राहिलेला असला तर पान उलटायच्या आधी टोचतो. अडचण एकच आहे. शेवटच्या सत्रात चार महिने एखाद्या कंपनीत रोज दिवसभर काम करावं लागतं. ते केल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही आणि प्रमाणपत्राशिवाय या वयात मला कोणी दारात उभं करणार नाही. जानेवारीत ते सुरू होईल. कसं जमवायचं ते बघू. तू काही करावंस असं मी म्हणत नाही.

आई ठीक आहे. मला ओळखते, म्हणजे बहुतेक वेळा. मी वर्गाला जाते तेव्हा समोरच्या बाई तिच्याजवळ बसतात. दाराचीही व्यवस्था केली आहे. काळजी नसावी.

तुझी,
धाकटी


३ ऑक्टोबर

ताई,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळींचं होतं आणि त्यांतल्या दोन आईच्या गुडघ्यांबद्दल होत्या, तरी आनंद झाला. मोजे पोचले. आईने ते हातात घालून बघितले आणि म्हणाली, "बोटं कुठे गेली यांची?" मग आम्ही दोघी हसलो. ती का हसली ते मला कळलं नाही, पण हसली.

माझ्या मागच्या पत्रात एक चूक राहून गेली आहे. जुनी सवय म्हणून शुद्धिपत्र जोडते. 'समोरच्या बाई तिच्याजवळ बसतात' याऐवजी 'बसत नाहीत' असं वाचावं. त्या बसल्या होत्या, एकदा किंवा दोनदा. मग त्यांच्या मुलीला बाळ झालं आणि त्या तिकडेच गेल्या. लिहिताना मला हे माहीत होतं. वाक्याला वर्तमानकाळ कसा काय लागला, याचा मी बराच विचार केला. चुकून लागला नव्हता.

म्हणजे मी वर्गाला असते तेव्हा आई घरात एकटी असते. पण सुरक्षित असते. गॅसचा मुख्य नळ मी बंद करून जाते, चहा थर्मासमध्ये असतो, सुऱ्या वरच्या कपाटात. आणि मी एक गोष्ट तयार केली आहे, ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

बाईंनी प्रत्येकाला आपल्या घरातली एक खरी अडचण घेऊन तिच्यावर प्रोग्राम करायला सांगितलंय. वर्षाचं मुख्य काम तेच. एकाने फ्रिजमधल्या वस्तू मोजायचा केलाय. निवृत्त गृहस्थांनी झाडांना पाणी घालायचा केलाय, झाडं एकूण तीन. मी दाराचा केला. आतल्या बाजूला काड्यापेटीएवढा छोटा संगणक आणि एक स्पीकर लावलाय. आई दाराशी येऊन जरा थांबली की त्याला कळतं आणि तो माझ्या आवाजात बोलतो. माझा खरा आवाज आहे, मीच रेकॉर्ड केलेला. पहिल्यांदा आली तर, "आई, मी आलेच. तू बस." थोड्या वेळाने परत आली तर, "आई, दाराला हात लावू नकोस. चहा पिऊन घे." तिसऱ्यांदा, "आई, मी इथेच आहे, जिन्यात आहे." आणि मी परत येऊन दार उघडलं की, "आई, मी आले," म्हणजे दाराच्या आवाजाला ती दचकायची नाही. प्रत्येक वेळी मला फोनवर निरोप येतो. वर्गात माझा फोन मांडीवर गुरगुरला की मला कळतं, आई दाराशी उभी आहे.

पहिल्या दिवशी घरी आले तर ती स्पीकरखाली खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, "बरं झालं आलीस. तू मघापासून बोलत होतीस, पण दिसत नव्हतीस."

ते जिन्यातलं वाक्य खोटं आहे, हे मला कळतं. पण त्याच वाक्याने ती सगळ्यांत लवकर शांत होते.

तू विचारलं आहेस, जानेवारीत मी काय करणार. बघू.

तुझी,
धाकटी


२९ ऑक्टोबर

ताई,

तुझ्या पत्रात एकच प्रश्न होता. 'एकटी असते म्हणजे दार कसं असतं?' तू लहानपणापासून अशीच. आख्खं घर आवरून ठेवावं आणि तू नेमकी पलंगाखाली वाकून बघावंस. मी त्याचं उत्तर दोनदा टाळून लिहिलं आणि फाडलं. आता टाळण्यात अर्थ राहिला नाही, कारण ते उत्तर वर्गात सगळ्यांसमोर वाचून झालंय.

आमच्याकडे एक पद्धत आहे, तिला बाई 'वाचन' म्हणतात. काम जमा करायच्या आधी ते दुसऱ्या कोणीतरी सगळ्यांसमोर उभं राहून वाचायचं, ओळीनुसार, आणि ही ओळ काय करते, का करते ते सांगायचं. ज्याने लिहिलंय त्याने तोंड उघडायचं नाही. खुलासा नाही, मान हलवणं नाही. बाई म्हणतात, "तुमचा प्रोग्राम जगात जाईल तेव्हा तुम्ही त्याच्या मागे उभे नसणार. तो एकटा काय बोलतो ते ऐका." माझा प्रोग्राम शंकासुराच्या वाट्याला आला.

"हा कशासाठी आहे ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "पण दाराच्या आतल्या बाजूला कोणीतरी येतं."

"कोणीतरी म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"माणूसच. कुत्र्याला 'चहा पिऊन घे' कोण म्हणतं?"

वर्ग हसला. मीही हसले असते, पण मला परवानगी नव्हती.

"पहिल्यांदा आलं तर हे वाक्य, दुसऱ्यांदा हे, तिसऱ्यांदा हे. चौथ्यांदा..." तो थांबला. "चौथ्यांदा काहीच नाही. राहून गेलं वाटतं. नाही, थांबा, मुद्दाम केलंय. चौथ्यांदा गप्प राहायचं आणि मोजणं परत शून्यापासून. मग पुन्हा पहिलं वाक्य." त्याने डोकं खाजवलं. "म्हणजे तोपर्यंत त्या माणसाला पहिलं वाक्य आठवत नसणार, असं धरलंय. आणि मधे गप्प यासाठी की कोणी बोललं नाही तर ते कंटाळून आत जाईल."

आता कोणी हसत नव्हतं. निवृत्त गृहस्थांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"पुढे दार. दार उघडलं की 'आई, मी आले'. म्हणजे दार उघडणारी नेहमी लिहिणारीच, असं गृहीत धरलंय. आतल्या बाईंनी उघडलं तर? ती शक्यता कुठेच लिहिलेली नाही."

"म्हणजे चूक आहे?" बाईंनी विचारलं.

"चूक आहे. किंवा..." त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच शंका पाहिली नाही. "किंवा आतून ते उघडतच नसेल."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच. बाई म्हणाल्या, "लिहिणाऱ्यांनी नोंद घ्यावी. पुढचा." पुढचा प्रोग्राम फ्रिजचा होता.

सुटल्यावर शंकासुर पायऱ्यांवर माझ्यासाठी थांबला होता. "मला वाचता वाचता थांबता आलं नाही," म्हणाला. "माफ करा."

"तुम्ही बरोबर वाचलंत."

"तरी. काम मात्र नीटनेटकं आहे हो. गुण चांगले पडतील." मग एक पायरी उतरून परत वळला. "दिवा तरी लावून येता ना?"

दिवा लावून येते, ताई. दाराला बाहेरून कडी आहे. मी सुताराला बोलावून ती बसवून घेतली. त्याने विचारलंही, "बाहेरून? बाई, चोर आत आहे काय?" मी हसले आणि म्हटलं, "माझी आई आहे." मग तोही हसला, त्याला ती थट्टाच वाटली. कडी बसवायच्या आधी आई एकदा चपला न घालता मोठ्या चौकापर्यंत गेली होती. हे तुला कळवलं नव्हतं.

आता तुला काय आठवत असेल ते मला माहीत आहे. मलाही रोज आठवतं. आपण ती जागा बघायला गेलो होतो, हिरव्या दाराची, जिथे तू आईला ठेवू या म्हणत होतीस. त्या दाराला आकड्यांचं कुलूप होतं आणि आकडे फक्त तिथल्या नर्सना माहीत होते. मी तिथल्या बाईंसमोरच म्हटलं होतं, ज्या घराच्या दाराला आतून कडी नाही तिथे माझी आई राहणार नाही. तू मला म्हणालीस, तुला झेपणार नाही. मी म्हटलं, तू जा, मी बघते. तू गेलीस. मी बघते आहे.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांना मी सांगून ठेवलंय, की आई दार वाजवेल, तुम्ही लक्ष देऊ नका. भले आहेत. ते खालूनच ओरडून सांगतात, "येईल हो आजी, बसा." म्हणजे चौथ्यांदा अगदीच गप्प नसतं.

तुला हे का सांगते आहे ते माझं मलाच नीट कळत नाही. तू रागावावंस म्हणून असेल. किंवा तू काही म्हणावंस म्हणून, जे मला म्हणता येत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय तुला ठाऊकच आहे.

जानेवारीच्या कामासाठी एका कंपनीने मुलाखतीला बोलावलंय. बाईंनी माझं नाव स्वतःहून दिलं, वाचनानंतर. त्याचा अर्थ काय लावायचा ते मला समजत नाही.

तुझी,
धाकटी


२१ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र येण्याची वाट न बघता लिहिते आहे. जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर मी पुन्हा कुठेतरी वर्तमानकाळ घुसवेन.

काल सकाळी मुलाखत होती. आईला लवकर उठवलं, तिची वेणी घातली, चहा दिला. मी निळी साडी नेसले. आई म्हणाली, "कुणाच्या लग्नाला?" मी म्हटलं, "माझ्याच." ती म्हणाली, "उशीर केलास." इतकी छान सकाळ होती. निघायच्या बेताने मी आतली कडी काढली, दार पुढे ओढून ठेवलं, पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवली. फोन पिशवीतच होता. मग आठवलं की प्रोग्रामची छापील प्रत टेबलावरच राहिली. ती आणायला आत गेले. इतकंच.

दार उघडल्याचा आवाज आला आणि स्पीकर माझ्या आवाजात आनंदाने म्हणाला, "आई, मी आले."

मी बाहेरच्या खोलीत आले तर दार बंद होत होतं. खुंटीवर पिशवी नव्हती. बाहेरची कडी सरकल्याचं ऐकू आलं. ती कडी जरा घट्ट आहे, शेवटी एक ठोसा द्यावा लागतो. आईने तो बरोबर दिला. रोज आतून ऐकते ना. आणि मग दारापलीकडून, अगदी समजूतदार आवाजात, "दाराला हात लावू नकोस हं. चहा पिऊन घे. मी आलेच."

मी हाक मारली. तिच्या चपलांचा आवाज जिना उतरत गेला. चपला घातल्या होत्या, एवढं माझ्या मनात आलं.

मी दार वाजवायला लागले, तसा डोक्यावरचा स्पीकर बोलला. "आई, मी आलेच. तू बस."

ताई, तो आवाज किती गोड आहे, तुला सांगता येत नाही. लहान मुलाला सांगावं तसा. रेकॉर्ड करताना मी तो चार-पाच वेळा ऐकला होता आणि मला तो प्रेमळ वाटला होता. दाराच्या या बाजूने तो अंगावर येतो. त्यात कुठेही फट नाही. आपण काहीही म्हटलं तरी तो तेच म्हणणार आहे, हे पहिल्याच वाक्यात कळतं.

मी खिडकीकडे पळाले. ती मागच्या अंगणावर उघडते, रस्ता दिसत नाही. परत दाराशी आले. "आई, दाराला हात लावू नकोस. चहा पिऊन घे." मी दोन्ही हातांनी दार बडवलं, काकांना हाका मारल्या. खालून त्यांचं मशीन थांबलं. मला वाटलं, सुटले.

"येईल हो आजी," ते ओरडले. "बसा."

"काका, मी आहे. मी!"

"हो हो. तुम्हीच आहात. येईल ती."

मशीन परत सुरू झालं. मी माझं नाव ओरडून सांगितलं. आईसुद्धा दाराशी उभी राहून माझंच नाव ओरडते, हे मला नंतर आठवलं. त्यांना काय वेगळं ऐकू येणार होतं? "आई, मी इथेच आहे," स्पीकर म्हणाला, "जिन्यात आहे." आणि तुला खरं सांगते, मी दाराला कान लावला. मीच लिहिलेलं, मीच बोललेलं वाक्य, आणि मी जिन्यात कोणी आहे का ते ऐकत होते.

मग चौथ्यांदा वाजवलं.

चौथ्यांदा काय होतं ते मला माहीत होतं. तरी मी वर बघत उभी राहिले. शंकासुराने त्याचा अर्थ बरोबर लावला होता, फक्त एक त्यालाही वाचता आलं नव्हतं. कोणी बोललं नाही तर माणूस कंटाळत नाही. त्याला वाटतं, आता आपण इथे आहोत हे कोणाला ठाऊकच नाही. म्हणून तो आत जातो.

मीही आत गेले. जाऊन आईच्या पलंगावर बसले. किती वेळ ते सांगता येणार नाही, फार नसेल. टेबलावर कीबोर्ड होता. तो उचलला, वायर हातात धरून खिडकीतून खाली सोडला आणि काकांच्या काचेवर आपटत राहिले. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला त्यांनी मान बाहेर काढून वर पाहिलं.

"अहो, तुम्ही आत?" ते म्हणाले. "मग आजी कुठे?"

ते धापा टाकत वर आले, कडी काढली. त्यांच्या गळ्यात टेप तशीच होती. "आवाज अगदी आजींचाच," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "मला वाटलं रोजचंच." मग 'रोजचंच' हा शब्द त्यांचा त्यांनाच ऐकू आला असावा. ते माझ्याबरोबर जिना उतरले.

आई बसथांब्यावर होती. माझ्या कॉलेजच्या बसचा थांबा, कोपऱ्यावरचा. बाकावर नीट बसली होती, मांडीवर माझी पिशवी, दोन्ही हात पिशवीवर. आत फोन गुरगुरत होता. ते माझेच निरोप असणार. आई दाराशी आली आहे. आई दाराशी आली आहे.

मी तिच्याशेजारी बसले. तिने मला ओळखलं नाही, पण जागा करून दिली.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"कॉलेजला. वर्ग असतो माझा."

"मग बस गेली की काय?"

"आली होती. ड्रायव्हर म्हणाला, चढा आजी." तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "पण घरी एक मुलगी आहे हो. एकटीच आहे. मी निघाले की ती दार वाजवत बसते. ऐकू येतं मला इथपर्यंत. तिला तसं टाकून चढायला माझा पाय निघेना."

काका दूर जाऊन उभे राहिले.

माझा पाय रोज निघतो, ताई. मी हे आईला म्हटलं नाही. मी म्हटलं, "चला, तिला बघून येऊ." ती लगेच उठली. घरी येईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. वर आल्यावर साऱ्या खोल्यांतून फिरली, पलंगामागे वाकून पाहिलं आणि म्हणाली, "गेली वाटतं. सुटली बिचारी." मग दमून झोपली.

मुलाखत बुडाली. बाईंना फोन केला तेव्हा काही सबब सांगायचं ठरवलं होतं, पण सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही मला थांबवलं नाही. मग म्हणाल्या, कंपनी तीन आठवडे थांबेल, मी बोलते. पण चार महिने दिवसभर कोण, याचं उत्तर घेऊनच जा. ते उत्तर नसेल तर हे सत्र सोडा, पुढच्या वर्षी या. जागा ठेवीन. आणि फोन ठेवता ठेवता, "ती राहिलेली शक्यता लिहिलीत का?" मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "मग गुण कापले आहेत तसेच राहतील."

आता मागायचं ते मागते. भांडं समोर ठेवलंय.

जानेवारीपासून चार महिने तू ये. तुला तिथलं सगळं सोडून येणं सोपं नाही हे मला कळतं, आणि तुला नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे, कारण 'तू जा' असं मीच म्हटलं होतं. नाही म्हणालीस तर आपण हिरव्या दाराच्या जागेबद्दल पुन्हा बोलू. मी भांडणार नाही. तिथे आकड्यांचं कुलूप आहे, पण आतल्या बाजूला माणसं आहेत. तेव्हा मी फक्त कुलूप पाहिलं. ती जागा बरोबर आहे असं मी अजूनही म्हणत नाही. माझ्या घरी जे आहे ते तिच्याहून चांगलं आहे, असं मात्र आता मला म्हणता येत नाही.

तुझं उत्तर यायला वेळ लागेल. तोवर मी वर्गाला जाणार नाही. खरं तर हे वाक्यही तपासायला हवं. मी जाणार नाही असं ठरवलंय, पण मी मला ओळखते. दोन-तीन संध्याकाळी घरात काढल्या, वर्गात नवीन काय शिकवलं ते शंकासुराने फोनवर सांगितलं, की मला वाटेल, आजच्या दिवस जाऊन यावं, फार तर दोन तास, दिवा लावून. कडी असेपर्यंत मी जात राहीन. आणि ती काढली की घरातून पाऊल बाहेर टाकता येणार नाही. दोन्हीकडून अडकले आहे. पण दुसऱ्या अडकण्यात दाराच्या आत आम्ही दोघी असू.

स्पीकर सकाळीच काढून ठेवला. आई आज दोनदा दाराशी गेली, वर बघून थांबली. दुसऱ्यांदा मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. ती म्हणाली, "आज ती बोलत नाही." मी म्हटलं, "आज ती घरी आहे."

तुझी,
धाकटी

उद्या: सुताराला बोलावून बाहेरची कडी काढून घेणे.